क्राउन ग्राफिक 4x5: बरेच महिने वापरल्यावर

असला जुना डबा घेणारा माणूस शोकेस सजवणारा असतो असं सगळ्यांना वाटतं. मी वापरायलाच घेतला आणि गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय, म्हटलं लिहून टाकू.

ग्राफलेक्स या अमेरिकन कंपनीचा हा कॅमेरा, 4x5 इंची फिल्मच्या एकेका सुट्या शीटवर फोटो काढणारा, 1947 ते 1973 बनत होता, मुळात प्रेसवाल्यांसाठी, त्यामुळे दणकट, मिटला की नुसती लाकडी पेटी. पण मला आवडलं ते हे की याच्यात कालबाह्य होण्यासारखं काही नाहीच. पुढे लेन्स, मागे फोकस बघायची दुधी काच, मध्ये भाता (घड्यांची काळी पिशवी), बास. लेन्स गेली तर दुसऱ्या कुठल्या कंपनीची बोर्डवर बसवा, भात्याला भोक पडलं तर अंधारात आत टॉर्च लावून शोधा नि बुजवा, आणि इल्फर्डची आजची 4x5 शीट नव्या होल्डरमध्ये (शीट उजेडापासून जपणारी चपटी चौकट) भरली तरी मागे बरोबर बसते. माझा पहिला डिजिटल कॅमेरा बॅटरी मिळत नाही म्हणून कपाटात पडलाय, वयाने याच्या निम्मासुद्धा नाही!

डिटेलबद्दल काय बोलू, शीटचं क्षेत्रफळ 35 एमएम फ्रेमच्या जवळपास 15 पट. पण मुंबईत खरा उपयोग लेन्स वर सरकवण्याचा होतो. राजाबाई टॉवर घ्यायचा तर साधा कॅमेरा वर करावा लागतो आणि टॉवर मागे कलंडल्यासारखा दिसतो, इथे कॅमेरा सरळच ठेवायचा, फक्त लेन्स वर घ्यायची, उभ्या रेषा उभ्याच राहतात. अर्थात माझ्या 135 एमएम ऑप्टार लेन्सचा फिल्मवर पडणारा प्रकाशाचा गोल लहान, जास्त सरकवली की कोपरे काळे पडतात, निव्वळ बिल्डिंगाच काढायच्या असतील तर हा कॅमेरा नकोच, व्ह्यू कॅमेरा (लेन्स नि मागची बाजू भरपूर हलवता येणारा) बघा. काळं कापड डोक्यावर घेतलं की काचेवर सगळं उलटं दिसतं, त्याची सवय होते, ट्रायपॉड बघून धावत येणाऱ्या वॉचमनची होत नाही.

आता त्रास. इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, त्यामुळे हवाबंद डबा आणि सिलिका जेल पाहिजेच. घरी डेव्हलप करायचं तर उन्हाळ्यात नळाचं पाणी 30 डिग्रीच्या आसपास, आणि केमिकलचे टाइम दिलेले असतात 20 ला. गरम पाण्यात टाइम एवढा कमी होतो की फिल्म एकसारखी निघत नाही, मग बाहेरच्या टबात बर्फ टाकत बसायचं, घरचे विचारतात पार्टी आहे का. शीट महागच, त्यामुळे शटर दाबायच्या आधी दहा वेळा विचार होतो (हे चांगलं म्हणणाऱ्यांनी एकदा माझं बिल भरावं).

घ्यायचा असेल तर ग्राफलॉक बॅकवालाच शोधा (मागची काच काढता येते), त्याला 120 रोल फिल्मचा होल्डर लावता येतो, रोजची प्रॅक्टिस त्यावर होते. आणि शटर एक सेकंदावर लावून कानाने ऐका, जुन्या शटरचे स्लो स्पीड बहुतेक अडकलेले असतात, विकणारा ते सांगणार नाही.