अडीचशे रुपयांचा लॅन टेस्टर आणि न लागलेला सात नंबरचा दिवा

आमचं लग्नाच्या अल्बमचं काम कराडला घरातच चालतं. खालच्या खोलीत माझे मिस्टर कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो उतरवून घेतात आणि वरच्या मजल्यावर मी आणि भाऊजी अल्बम लावतो. खालून वर जिन्याच्या कडेने वीसेक मीटर कॅट-6 वायर (कॉम्प्युटर जोडायची नेटवर्कची वायर) गेलेली आहे. ऐन लग्नसराईत एका लग्नाचे 40 जीबी फोटो वर यायला तास लागला. आधी हेच काम सहा-सात मिनिटांत व्हायचं.

नेटचं कनेक्शन बघणारा माणूस आला. त्याने वायरीला हातही लावला नाही, राउटर बदला म्हणाला. भाऊजींनाही ते पटलं. "वहिनी, यूट्यूब मस्त चालतंय, मग वायर कशी खराब असेल?" पण कॉपी होताना वेग सेकंदाला 11 एमबीच्या वर जातच नव्हता, ते माझ्या डोक्यातून जाईना. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे वायरीवरचा वेग, बघितला तर 100. म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, फाइलींच्या हिशेबात जेमतेम 11-12 एमबी. राउटर गिगाबिटचा (म्हणजे 1000 चा), दोन्ही कॉम्प्युटर गिगाबिटचे, तरी 100.

वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या. 100 च्या वेगाला त्यातल्या चारच पुरतात: क्रमांक 1, 2, 3 आणि 6. गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांतली एखादी तुटली की बरीच नेटवर्क कार्डं मुकाट्याने 100 वर उतरतात. आमचा नेटचा प्लॅनही 100 चाच, म्हणून यूट्यूबला काही फरक पडला नाही.

म्हणून वायरीतल्या तारा तपासणारा हा लॅन टेस्टर घेतला. कंपनीचं नाव नाही, निळं प्लास्टिक, 250 रुपये. याचे दोन तुकडे होतात. वायर राउटर आणि कॉम्प्युटरमधून काढायची, एक टोक मोठ्या तुकड्यात, दुसरं लहानात. चालू केलं की दोन्हीकडे 1 ते 8 दिवे ओळीने लागत जातात. हे वर उभे, मी खाली. एक, दोन, तीन... सहा, आणि मग एकदम आठ. सात नाही! परत परत केलं, सात नाहीच. सात म्हणजे पांढरी-तपकिरी तार. वायरीच्या खालच्या टोकाची क्लिप (राउटरमध्ये घुसते ती, आरजे-45) कापली तर ती तार क्लिपच्या तोंडाशीच तुटलेली होती.

आता या वस्तूची खरी उणीव सांगते, कारण त्यात माझे दोन दिवस गेले. मी नवी क्लिप मारताना, आणि मग वरचीही बदलताना, रंग जोड्यांनीच लावले: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे हिरवे. पण कनेक्शन मिनिटामिनिटाला तुटायचं. कारण 3 आणि 6 या एकाच पीळ दिलेल्या जोडीतल्या तारा असाव्या लागतात. माझ्या वायरीत त्या दोन वेगळ्या जोड्यांत गेल्या होत्या. तार सलग आहे एवढंच या टेस्टरला कळतं, जोडी चुकली आहे हे कळत नाही. बरोबर क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तसं केलं आणि लिंक स्पीड 1000 झाला.

तार नेमकी किती मीटरवर तुटली तेही हा सांगत नाही. दिवे उन्हात दिसत नाहीत. बॅटरीचं झाकण सैल आहे, मी चिकटपट्टी लावली आहे. सीसीटीव्हीच्या ज्या वायरीतून कॅमेऱ्याला वीजही जाते, ती नेटवर्क स्विचमधून (जिथून ती वीज येते त्या डब्यातून) काढल्याशिवाय याला लावू नका, जळेल.

तरी मी हा घ्याच म्हणेन. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरला 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा नंबर) येत होता, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळतच नव्हता. टेस्टर लावला, आठही दिवे नीट लागले. त्यांचीच वायर राउटरच्या शेजारच्या पोर्टमध्ये घातली आणि चालू झालं. पोर्ट गेला होता. भिंतीतली वायर उकरायला त्या माणूस बोलावणार होत्या, ते वाचलं.

सोबत क्रिंपिंगची (वायरीवर क्लिप दाबून बसवायची) पक्कड आणि दहा-बारा आरजे-45 क्लिपा घ्या, पहिल्या दोन-तीन वाया जातातच. बॅटरी डब्यात येत नाही. नऊ व्होल्टची चौकोनी लागते, येतानाच घेऊन या.