घरी ‘फाटकी’ जीन्स करायची तर: कामाची अवजारं आणि नुसता खर्च

जुन्या जीन्सवर घरीच झीज आणि भोकं पाडायची म्हटली की ऑनलाइन तयार किट समोर येतं. त्यात साधारण सँडपेपर, प्यूमिस दगड, तारेचा ब्रश आणि एखादा कटर असतो. मत आधीच सांगून टाकतो: किट घेऊ नका. त्यातल्या कामाच्या वस्तू हार्डवेअर आणि टेलरिंग मटेरियलच्या दुकानात सुट्या मिळतात, उरलेल्या लागतच नाहीत.

अवजारांच्याही आधी कापड बघा. डेनिममध्ये उभे धागे निळे, आडवे पांढरे. उभ्या धाग्यातही इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, वरच्या थरातच बसतो, गाभा पांढरट राहतो. म्हणून घासलं की रंग उतरतो आणि निळे धागे ओढून काढले की मागे पांढरी जाळी उरते. लेबलवर १०० टक्के कॉटन असेल तर ती जीन्स बिनधास्त निवडा. इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) असलेली स्ट्रेच जीन्स घासायला चालते, भोकाला नाही. ताण बहुतेक आडव्या धाग्यात असतो. निळा आधार गेला की ते आधी आखडतात आणि आतलं इलास्टेन तुटलं की गुडघ्यावर लोंबायला लागतात. दोन मांड्यांमध्ये कापड विरलं असेल, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसत असेल, तर ती जीन्स सोडून द्या.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पॉलिश पेपर, म्हणजेच सँडपेपर. ८० नंबरने सुरुवात, १२० ने कडा मिसळायच्या. त्याहून खरखरीत ६० नंबर टाळा. रंग उतरतोय म्हणेपर्यंत धागा तुटतो. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, पायात फळी सरकवा आणि कोरड्या कापडावर एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. गोल फिरवलं तर झीज न वाटता डाग पडल्यासारखं दिसतं. कागदात निळा भुगा भरला की झटका, नाहीतर तो नुसता सरकत राहतो. मांडीवरच्या फिकट रेघा हव्या असतील तर पुठ्ठ्यावर जाड सुतळीचे तुकडे तिरके चिकटवा, पुठ्ठा आत घाला आणि वरून घासा. सुतळीच्या उंचवट्यावरच रंग उतरतो, त्यामुळे रेघ अगदी नेमकी येते. हाताने रेघा काढायला गेलात तर त्या खडूने मारल्यासारख्या दिसतात.

टाच घासायचा प्यूमिस दगड हळू काम करतो, पण बिघडवत नाही. खिशाच्या कडा, शिलाईचे उंचवटे, खालची पट्टी यांसाठी तोच बरा. तारेचा ब्रश मात्र निळ्याबरोबर पांढरे धागेही उपटतो. किसणीचं कौतुक बऱ्याच व्हिडिओंत असतं. कापलेली कड पिंजायला ती ठीक, एरवी कापड कुठेही ओरबाडते. आणि एकदा वापरलेली किसणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

भोकासाठी कात्रीपेक्षा सीम रिपर (शिलाई उसवायचं छोटं अवजार) आणि टोकदार प्लकर (केस उपटायचा चिमटा) घ्या. जीन्स घालून, गुडघा वाकवून खडूने खूण करा. टेबलावर अंदाजाने केलेली खूण हमखास नडगीवर येते. मग फळी आत घालून ४ ते ५ सेंटीमीटर लांबीचे तीन आडवे काप द्या, मध्ये सव्वा-दीड सेंटीमीटर अंतर ठेवा. बाजूच्या शिलाईपासून निदान २ सेंटीमीटर लांब राहा. आता दोन कापांच्या मधले उभे निळे धागे प्लकरने एकेक ओढा. पहिले चार-पाच चिवट असतात, पुढचे सरसर निघतात. एकदम झुबका ओढला की पांढरा धागाही तुटतो आणि जाळीऐवजी खिडकी तयार होते. भोक हवं त्यापेक्षा थोडं लहानच ठेवा, धुतल्यावर ते वाढतं. वाढ थांबवायची असेल तर आतून सुती कापडाचा तुकडा लावून भोवती झिगझॅग शिलाई मारा. घालताना पायाचा अंगठाही त्यात अडकत नाही. इस्त्रीने चिकटणारं बकरम नको, जाळीतून त्याचा गोंद चमकतो.

खाली झालर हवी असेल तर उलटं करायचं: पट्टी कापून टाका आणि आडवे पांढरे धागे ओढा, निळी झालर राहते.

ब्लीच ही यातली सगळ्यात बेभरवशाची वस्तू. एक भाग ब्लीचला तीन भाग थंड पाणी, रबरी हातमोजे, उघडी खिडकी आणि प्लॅस्टिकची बादली. स्पंजने लावा आणि हवा त्यापेक्षा एक छटा गडद असतानाच थांबा, कारण ओलं डेनिम गडद दिसतं. नुसतं पाण्याने खळबळून भागत नाही. उरलेलं ब्लीच कापड खात राहतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेटवालं अँटीक्लोरीन पाण्यात घालून त्यात जीन्स बुडवा, मग धुवा. व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड ब्लीचजवळ आणूच नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

घासताना मास्क लावा आणि काम गच्चीत किंवा बाल्कनीत करा. कारखान्यांत वाळूच्या फवाऱ्याने जीन्स झिजवणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार झाल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये ती पद्धत बंद केली. घरी वाळू नसते, पण सुताचा आणि कागदाचा बारीक भुगा नाकात जातोच.

काळ्या जीन्सवर यातलं फारसं चालत नाही. अनेकदा तिचे आडवे धागेही काळेच असतात, त्यामुळे पांढरी जाळी मिळत नाही, आणि ब्लीचने राखाडीऐवजी तांबूस तपकिरी रंग येतो. तिला ८० नंबरचा पेपर कडांवरून फिरवा आणि तिथेच थांबा. जीन्स कुठलीही असो, पहिली धुलाई ती उलटी करून, जाळीच्या पिशवीत घालून करा, म्हणजे सुटलेल्या सुताने मशीनचा फिल्टर तुंबणार नाही.