‘एका वर्षात पदवी’: अर्धवट शिक्षण पूर्ण करू पाहणाऱ्यांना कसं लुबाडतात

एफवाय, एसवाय झालं आणि लग्नामुळे, नोकरीमुळे किंवा घरच्या अडचणींमुळे टीवाय राहून गेलं, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. दहा-पंधरा वर्षांनी बढतीसाठी किंवा एखाद्या जाहिरातीतल्या पदासाठी पदवी लागते. तेव्हा शोधाशोध सुरू होते आणि ‘गॅप वाचवा, एका वर्षात ग्रॅज्युएट व्हा’ म्हणणारे नेमके तेव्हाच भेटतात. ही माणसं आळशी किंवा लोभी नसतात. त्यांना राहिलेलं शिक्षण खरोखर पूर्ण करायचं असतं, म्हणून हा प्रकार जास्त संतापजनक आहे.

पद्धत जवळपास ठरलेली असते. स्वतःला काउन्सेलर म्हणवणारी व्यक्ती आधी जुन्या गुणपत्रिकांचे फोटो मागवते. मग सांगते, तुमची दोन वर्षं जमा धरू, प्रवेश मागच्या सत्रात दाखवू, परीक्षा नावापुरती. नोंदणीचे पाच-दहा हजार ‘आजच’ भरायचे असतात, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर किंवा भलत्याच ट्रस्टच्या खात्यात. पुढची पायरी सगळ्यांत घातक असते. पडताळणीच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका आणि टीसी मागून घेतात. नंतर शंका आली तरी कागद त्यांच्या कपाटात अडकलेले असतात, म्हणून माणूस परीक्षा शुल्क, मायग्रेशन, व्हेरिफिकेशन अशा नावांनी मागतील ते भरत राहतो.

शेवटी हातात पडणारी गुणपत्रिका हुबेहूब दिसते. तिच्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की निकालही दिसतो, पण तो विद्यापीठाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलेल्या बनावट संकेतस्थळावर. कार्यालय पडताळणी करतं ती क्यूआरवर विसंबून नव्हे, तर थेट परीक्षा नियंत्रकांना पत्र पाठवून, आणि तिथे नोंदच सापडत नाही. मागच्या तारखेची पदवी असेल तर पेपर दिल्याच्या दिवशी हजेरीपटावर तुम्ही कामावर असता. खोटेपणा उघड व्हायला तेवढंही पुरेसं ठरतं.

‘यूजीसी मान्यता आहे’ या वाक्यावर थांबू नका. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते आणि त्या यादीत नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षं आहे. पण दलाल बहुतेक वेळा खऱ्या विद्यापीठाचंच नाव वापरतात. 2020 मध्ये हिमाचलमधल्या सोलनच्या एका खासगी विद्यापीठाच्या नावाने हजारो बनावट पदव्या विकल्याचं प्रकरण गाजलं. ते विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं होतं, तरीही तसं घडलं.

विद्यापीठाचं नाव बघून झालं की अभ्यासक्रम बघा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची, म्हणजे डीईबीची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या विशिष्ट सत्राला लागते. प्रवेशाची मुदत ठरलेली असते, त्यामुळे ‘मागच्या सत्रात बसवतो’ हे वाक्य कानावर पडताच फोन ठेवावा. 2024 पासून अशा प्रवेशाला डीईबी आयडी सक्तीचा आहे. तो विद्यार्थ्याने स्वतः, आपल्या एबीसी आयडीवरून (एबीसी म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, जमा ठेवणारी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) काढायचा असतो. ‘आम्ही काढून देतो, फक्त ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. फ्रँचायझी देऊन दूरशिक्षण चालवायला नियमांनी मनाई आहे, म्हणून गल्लीतल्या ‘अधिकृत सेंटर’चं नाव विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते विद्यापीठालाच विचारा.

अभियांत्रिकी डिप्लोमावाल्यांनी जास्त सावध राहावं. अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणातून मिळत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी अशा दिलेल्या पदव्यांपैकी 2005 नंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द केल्या, तेव्हा त्यांवर बढती मिळालेले लोकही अडचणीत आले.

सरळ वाट आहे, फक्त ती एका वर्षाची असेलच असं नाही. आधी जुन्या महाविद्यालयात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि गुणपत्रिका घेऊन जा. राहिलेले विषय देण्याची मुदत संपली का आणि विशेष संधी आहे का, हे परीक्षा विभागाला लेखी विचारा. श्रेयांक पद्धतीच्या काळात शिकला असाल तर एबीसीत किती श्रेयांक जमा आहेत ते पाहा, पण ते जास्तीत जास्त 7 वर्षंच वापरता येतात. तिकडे दार बंद असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत प्रवेश घ्या. अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर भरा आणि पैसे फक्त विद्यापीठाच्या खात्यात जाऊ द्या. नव्याने तीन वर्षं करावी लागली तरी ती पदवी पडताळणीत टिकते.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट, पावत्या, कॉलची नोंद पुसू नका. पोलिसांत तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली होते. मिळालेली पदवी मात्र कुठेही जोडू नका, कारण बनावट कागद माहीत असूनही खरा म्हणून वापरणं हा कलम 340 खालचा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर लागतो. अडकलेल्या मूळ गुणपत्रिकांसाठी ‘हरवल्या’ अशी खोटी तक्रार देऊ नका. दलालाने ठेवून घेतल्याचं तक्रारीत स्पष्ट लिहा आणि तिची प्रत जोडून विद्यापीठाकडे दुय्यम गुणपत्रिका मागा.