पालकांची सही की पालकांचे मौन? शालेय संशोधनातील संमतीच्या दोन पद्धती

शाळेत संशोधन करताना पालकांची संमती दोन प्रकारे घेतली जाते. पहिल्या पद्धतीत सही केलेले संमतीपत्र हाती आल्याशिवाय मुलाला सहभागी करून घेतले जात नाही. दुसऱ्या पद्धतीत घरी पत्र पाठवून मुदत दिली जाते आणि त्या मुदतीत नकार आला नाही तर होकार गृहीत धरला जातो.

लेखी संमतीत पालकांचा निर्णय निःसंदिग्ध असतो, मात्र परत न आलेला प्रत्येक कागद म्हणजे नकार नव्हे. तो दप्तराच्या तळाशी चुरगळलेला असतो, किंवा पालक दिवसभर कामावर असलेल्या अथवा वाचता न येणाऱ्या घरात सहीविना पडून राहतो. परिणामी ज्या मुलांच्या अडचणी समजून घ्यायच्या, तीच अनेकदा अभ्यासातून गळतात आणि निष्कर्ष एकांगी होतात.

गृहीत संमतीत ही गळती कमी होते, पण तिचा दुरुपयोग किती सोपा आहे हे विसरता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फर्नाल्ड या निवासी शाळेतून 1953 साली पालकांना पत्र गेले, की हरकत न कळवल्यास तुमचा मुलगा आहारविषयक अभ्यासात भाग घेऊ शकतो असे आम्ही समजू. अन्नात किरणोत्सारी द्रव्य मिसळले जाणार आहे, याचा मात्र त्यात उल्लेखच नव्हता.

म्हणून निवड जोखमीवरून करावी, असे माझे ठाम मत आहे. नेहमीच्या अध्यापनपद्धतींची निनावी तुलना असेल, पत्र पालकांच्या भाषेत असेल आणि ते पोहोचल्याची खात्री केली असेल, तर गृहीत संमती पुरेशी आहे. रक्ताचे नमुने, चित्रीकरण किंवा मानसिक आरोग्याविषयीचे प्रश्न असतील, तर सहीला पर्याय नाही. घरातील मारहाणीचा अभ्यास हा अवघड अपवाद आहे, कारण तिथे मारणाऱ्याचीच परवानगी मागावी लागू शकते. अशा वेळी पालकसंमतीतून सूट द्यावी का, हे संशोधकाने नव्हे, स्वतंत्र नीतिसमितीने ठरवावे.

कोणतीही पद्धत निवडली, तरी मुलाचा स्वतःचा होकार वेगळा घ्यावा लागतो. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातील बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. वर्गशिक्षकांसमोर ‘नको’ म्हणणे मुलाला जड जाते, त्यामुळे ही विचारणा त्याला गुण न देणाऱ्या व्यक्तीने करावी.