तरंगत्या पवनचक्कीची केबल: सरळ सोडायची की कमान देऊन?

स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ 'हायविंड' प्रकल्पाच्या पाच तरंगत्या पवनचक्क्या 2017 पासून वीज देतात. अशा चक्कीची केबल नुसती खाली सोडली तर स्वस्त पडते. पण प्लॅटफॉर्म हलला की हिसका थेट खालपर्यंत जातो. केबल समुद्रतळाला टेकते तिथे ती रात्रंदिवस उचलली जाते, आपटते, वाकते. तार वाकवून वाकवून तोडतात ना, तसंच. शिशाचं आवरण असेल तर ते आधी चिरतं.

दुसऱ्या पद्धतीत केबलच्या मधल्या भागाला तरंगणारे ठोकळे बांधून कमान देतात; हालचाल बरीचशी तिथेच जिरते. खर्च वाढतो, शिंपले-शेवाळ चढून कमान खाली बसते, उथळ पाण्यात तिला जागाही पुरत नाही. तरी खवळलेल्या समुद्रात मी कमानच निवडेन. वरच्या टोकाला केबल एकदम वाकू नये म्हणून पॉलियुरेथेनची (चिवट, लवचीक प्लास्टिकची) निमुळती बाही मात्र दोन्ही पद्धतींत हवीच.