गुगल अर्थ प्रोवर नाशिक: पूर सोडून सगळं दिसतं

गुगल अर्थ प्रो हा उपग्रहचित्रांवरून जमीन दाखवणारा प्रोग्राम संगणकावर उतरवून घ्यायला २०१५ पासून पैसे पडत नाहीत. तरी बहुतेक लोक त्यात आपल्या घराची गच्ची शोधतात, पाहुण्यांना दाखवतात आणि बंद करतात. मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर आरेखक होतो, नोकरी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, ओढण्यात गेली. म्हणून आग्रहाने सांगतो, वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आहे ते दाबा. खरी दौलत तिथे आहे.

काळाची पट्टी उघडते. ती मागे सरकवत पाथर्डी फाटा, इंदिरानगर पाहा. इमारती एकेक करून नाहीशा होतात आणि खालून शेतांचे बांध, विहिरींचे गोल, बांधांमधून उतरणारे ओहोळ वर येतात. द्वारकेवरचा उड्डाणपूल जातो, आग्रा रोड पुन्हा जमिनीवर धावू लागतो. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांच्या कंगव्याने ओढल्यासारख्या रेषा आहेत. त्यांच्या मधले शेततळ्यांचे चौकोन जुन्या चित्रांत शोधून पाहा, फारसे सापडणार नाहीत.

मला त्या ओहोळांचं सगळ्यात जास्त वाटतं. भाचीसाठी फ्लॅट पाहत होतो. दलालाने दाखवलेली इमारत छान, रस्ता रुंद. घरी येऊन ती जागा जुन्या चित्रात काढली तर बरोबर नाल्याच्या वळणावर. आज तिथे नाला म्हणून काही दिसत नाही, पण मागच्या कंपाउंडची भिंत सरळ न जाता त्याच वळणाने वाकलेली आहे. भिंत पाहायला पुन्हा जावंही लागलं नाही. स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावर उभं राहून दिसावं तशी गुगलची छायाचित्रं, भारतात २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, त्यामुळे पडद्यावरचा छोटा पिवळा माणूस उचलून रस्त्यावर सोडला की झालं. भाचीने दुसरीकडे घर घेतलं. नाशिकमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाने ही अर्ध्या तासाची मेहनत करावी, आणि नासर्डीच्या काठी घेणाऱ्याने तर सातपूरपासून टाकळीच्या संगमापर्यंत सगळी नदी आधी माउसने फिरून पाहावी.

मोठी उणीव एकच, पण आपल्या शहरासाठी ती फार मोठी आहे. यात पावसाळा जवळजवळ नाही. ही चित्रं साध्या उजेडात घेतलेली असतात. ढग आले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, आणि निवडून लावतात ती निरभ्र दिवसांची. त्यामुळे रामकुंडापाशी गोदावरी पाहावी तर कायम शांत, घाट कोरडे, ज्याच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात तो दुतोंड्या मारुती पायापर्यंत उघडा. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ मध्ये ‘मारुतीच्या कुठवर पाणी आलं’ हे ज्यांनी एकमेकांना विचारलं आहे, त्यांना हे चित्र अपुरं वाटेल. बाहेरून नाशिकला राहायला येणाऱ्याला मात्र ते खरंच वाटेल, याची मला काळजी वाटते.

त्यासाठी इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ जोडीला ठेवा. २००९ पासून चालू आहे. घरांचा बारकावा गुगलइतका नाही आणि पान उघडायला धीर लागतो. पण पुराचे नकाशे तिथे आहेत. ते बनवताना रडारचे उपग्रह वापरतात आणि रडारला ढगांची अडचण नसते. सराफ बाजारातलं कुठलं दुकान बुडालं ते त्यावर कळणार नाही, पाणी किती दूर पसरतं त्याचा अंदाज येतो.

गुगल अर्थ प्रोमध्ये रेघ ओढून चढउताराचा आलेखही काढता येतो. हौसेला उत्तम, पण त्यातली उंची ढोबळ असते. त्या आकड्यांवर कुणी गटार किंवा जोत्याची पातळी ठरवू नये, तिथे लेव्हल लावून मोजणाराच हवा. फोनवरही आता जुनी चित्रं दिसतात, पण बोटाने नाला धरून चालणं जमत नाही. माउस हवाच.

आणि चित्राखालची तारीख नेहमी वाचा. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने तपोवनातली झाडं तोडली की उभी आहेत ते पाहायला बरेच जण बसतील. मे महिन्याचं चित्र मे महिन्याशीच लावून पाहा. ऑक्टोबरची हिरवळ आणि उन्हाळ्यातली निष्पर्ण झाडं शेजारी ठेवली, तर उभं झाडसुद्धा तोडलेलं वाटतं. शंका आली तर खोडाजवळची सावली शोधा, पानं गळाली तरी ती पडते.