लेस्टर सिटीची २०१५-१६ वाली जर्सी, एका टॉटनहॅमवाल्याचा रिव्ह्यू

लेस्टर आणि टॉटनहॅम, दोन्ही इंग्लंडचे फुटबॉल क्लब. मी टॉटनहॅमचा फॅन, तरी लेस्टरची ही निळी जर्सी ऑनलाइन मागवली, रेप्लिकाच आहे, पाठीवर त्यांचा स्ट्रायकर व्हार्डी आणि त्याचा नंबर ९. कापड हलकंय, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, टर्फवर खेळायला एकदम मस्त. रंगही गेला नाही. पण पाठीवरचा आकडा थोड्याच दिवसांत कडेने सुटायला लागला, एवढे पैसे घेऊन हे चालणार नाही. उलटी करून गार पाण्यात धुवा, इस्त्री अजिबात नको.

लोक विचारतात तू ही घालतोसच कशी. अरे, २ मे २०१६ ला चेल्सीविरुद्ध आम्ही २-० ने पुढे होतो, मॅच २-२ सुटली, आमची आशा संपली आणि प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, लेस्टरची झाली, ते अजून सलतं, कारण त्या वर्षी मोठे क्लब ढेपाळले होते, असा चान्स परत कधी येणार, आणि वर आम्ही शेवटी आर्सेनलच्याही खाली तिसरे. पण आधीच्या सीझनला १४ वी आलेली टीम, ती लीग जिंकेल यावर सट्टेवाल्यांचा भाव ५००० ला १, आणि कोच रानिएरीने तिच्याकडून ८१ पॉइंट्स काढून घेतले! कांते आणि माहरेझचा खेळ, व्हार्डीचे सलग ११ मॅचमध्ये गोल, याला नुसतं नशीब म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. राग पण खरा आणि आदर पण खरा. पुढच्याच सीझनला, फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरीला काढलं तेव्हा तर मलाच वाईट वाटलं.

साइझ एक नंबर मोठी घ्या, खांद्यात टाइट होते.